रानडुक्कर नसेल तर एक गुण वजा

भाच्याच्या हट्टापायी 'अ‍ॅग्रिकोला' हा पटावर शेती करायचा बैठा खेळ ऑनलाइन मागवला. खोका एका कोपऱ्याला चेपून आला आणि आत एक पांढरी मेंढी कमी. तिच्या जागी आम्ही चिंचोका लावला. साताऱ्यातल्या आमच्या घरी सतरंजी टाकून चौघं बसलो: मी, भाचा, त्याची आई आणि खटावहून आलेले अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. पन्नास वर्षं रान कसतायत.

खेळ उवे रोझेनबर्ग या जर्मन माणसानं केलेला, २००७ सालचा. आमच्याकडे २०१६ ची सुधारित आवृत्ती आहे. काळ १६७० च्या आसपासचा, मुलूख मध्य युरोपातला, प्लेग नुकताच सरलेला. प्रत्येकाला पंधरा चौकोनांचा पट, त्यात लाकडी दोन खोल्या आणि नवरा-बायको. चौदा फेऱ्यांत सहा सुग्या येतात. सुगीला माणशी दोन घास लागतात. जितके कमी पडतील तितक्या वेळा भीक, आणि एका भिकेचे तीन गुण वजा.

अण्णांनी पहिल्याच फेरीत नांगरट केली आणि विचारलं, "अगं, बैल कुठायत?" बैल नाहीतच. चकती ठेवली की झालं रान. पेरताना एका दाण्याचे तीन होतात, तेही त्यांना पटेना. "ज्वारीच्या एका कणसाला शेकड्यानं दाणं असत्यात. तिनासाठी कोण राबंल?" पण त्या काळी युरोपात बऱ्याच भागांत गव्हाचा उतारा खरंच पेरणीच्या तीन-चार पटच होता. तेवढ्यात पुढचं बी राखायचं आणि वर्ष काढायचं. हे मी सांगितल्यावर ते गप्प झाले, आणि पुढच्या फेरीला दाणा खायला न घेता राखून ठेवला.

मग रानडुकरं आली. नियम असा की शेवटी दावणीला एकही रानडुक्कर नसेल तर एक गुण कापायचा. अण्णा इतके हसले की ठसका लागला. "माझा मका खाऊन गेली, तवा कुणी गुण दिलं न्हाईत!"

तेराव्या फेरीच्या सुगीला अण्णांना तीन घास कमी पडले. चूल मांडलेली होती, दोन गाया आणि एक वासरू होतं. एक गाय चुलीत गेली की बरोबर तीन घास. भाच्यानं समजावून सांगितलं. अण्णांनी विचारलं, "दूध धरत न्हाय का?" आमच्या हातातल्या पानांत दुधाचं काही नव्हतं. मग त्यांनी तीन भिका घेतल्या, नऊ गुण घालवले आणि शेवटून पहिले आले. लाकडी गाय मात्र त्यांनी परत पटावर नीट उभी केली.

माझी तक्रार वेगळी आहे. या शेतकऱ्याच्या दारात वसुलीला कोणी येत नाही. खरं तर तिकडे तेव्हा कुळं जमीनदाराच्या रानात वेठीला राबत होती. बोहेमियात १६८० साली त्यावरून उठावही झाला. इकडे १६७३ मध्ये साताऱ्याचा किल्ला स्वराज्यात आला. अण्णाजी दत्तोंच्या धाऱ्यात पिकाच्या पाच भागांतले दोन सरकारचे, असं आम्ही शाळेत शिकलो. खेळात सगळं पीक आपलंच, तरी पोट भरत नाही. पाऊसही कधी दगा देत नाही, हे खटावच्या माणसाला फारच खुपलं. एक जरी दुष्काळाचं पान असतं!

बाकी माल चांगला आहे. लाकडी जनावरं हातात घ्यावीशी वाटतात. पानं सगळी इंग्रजीत, म्हणून भाच्याला दर वेळी वाचून दाखवावं लागलं आणि डाव तीन तास चालला. दोघांत खेळलात तर तासा-दीड तासात आटपतो. पाचपैकी चार तारे.

मेंढीबद्दल विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. चिंचोकाच चालू आहे. अण्णांनी परवा फोनवर विचारलं, "त्या चिंचोक्याला कोकरू झालं का?"