ओएम३, ओएम४ की ओएम५? पॅच कॉर्ड घेण्याआधी मापाची टेप काढा

वागळे इस्टेटमधला गाळा असो की महापे एमआयडीसीतली कंपनी, फायबर (प्रकाशातून डेटा नेणारी काचेच्या तंतूंची केबल) घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात भारी कोणती?" ओएम३, ओएम४, ओएम५ या कमी अंतरासाठीच्या मल्टिमोड फायबरच्या प्रती. मी उलट विचारतो, "दोन स्विचमध्ये अंतर किती?" आणि अंतर म्हणजे पॅच कॉर्डची, म्हणजे स्विचला (नेटवर्क जोडणाऱ्या पेटीला) लावायच्या छोट्या तयार केबलची, लांबी नव्हे. या रॅकमधली कॉर्ड, ट्रेमधून गेलेली केबल आणि पलीकडची कॉर्ड, सगळं धरून.

१० जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) वेगाला ओएम३ ३०० मीटर चालते, ओएम४ ४०० मीटर. एका इमारतीत एवढं अंतर सहसा लागत नाही. तेव्हा दहाच्या पुढे जायचं नसेल तर ओएम३ला नाकं मुरडू नका. दोघींतला फरक २५ आणि १०० जीबीपीएसला जाणवतो. नेहमीच्या एसआर (२५ला) आणि एसआर४ (१००ला) मॉड्यूलवर, म्हणजे स्विचमध्ये बसून प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या तुकड्यांवर, ओएम३ ७० मीटरला थांबते, ओएम४ १०० मीटर जाते. ऐरोली-रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर ट्रेत चढून पुन्हा खाली उतरताना, ७० मीटर कधी संपले कळत नाही. नवं काम असेल तर मी सरळ ओएम४ टाकतो.

एसआर४साठी मात्र दोन तंतूंची एलसी टोकाची कॉर्ड चालत नाही. आठ तंतू वापरणारी एमपीओ टोकाची लागते. मॉड्यूलच्या आत पिना असतात, म्हणून कॉर्ड बिनपिनांचीच मागवा. ऑर्डर इथेच चुकते.

ओएम५चा पोपटी रंग छान दिसतो. पण ८५० नॅनोमीटरला (या मॉड्यूलच्या प्रकाशाची तरंगलांबी) तिची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, ओएम४इतकीच, त्यामुळे एसआर४वर तीही १०० मीटरच. एकाच तंतूतून चार तरंगलांबी पाठवणारी एसडब्ल्यूडीएम४ मॉड्यूल घेणार असाल तर तिथे १०० जीबीपीएस १५० मीटर जातं. ती घेणार नसाल तर पैसे रंगाचेच.

दोन इमारती जोडायच्या असतील तर या तिघींना बाजूला ठेवा आणि पिवळी सिंगलमोड (लांब पल्ल्याची फायबर) घ्या. मॉड्यूल थोडी महाग पडतात, पण अंतराची कटकट मिटते.

रंगावर भरवसा ठेवायचा नाही हे मी एका रात्री रबाळ्यात शिकलो. लिंक दर दहा मिनिटांनी पडत होती. आमच्या स्विचवर आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) व्यवस्थित, पलीकडच्यावर मात्र काठावर. दोन मॉड्यूल बदलून झाली. शेवटी मोबाइलच्या टॉर्चमध्ये आमच्या टोकाच्या नारिंगी कॉर्डवरची बारीक छपाई वाचली: ६२.५/१२५ (मधला गाभा आणि बाहेरचं काचेचं आवरण, मायक्रॉनमध्ये). जुनी ओएम१! बाकी सगळी केबल ५० मायक्रॉन गाभ्याची, तीही नारिंगीच, म्हणून कुणाला शंका आली नाही. जाड गाभ्यातून बारीक गाभ्यात शिरताना प्रकाश सांडत होता. उलट दिशेला तसं काही नाही, म्हणून आमच्याकडे सगळं आलबेल. ओएम३ आणि ओएम४चंही तसंच, दोन्ही ॲक्वा रंगात मिळतात. काही कंपन्या ओएम४ जांभळ्या रंगात देतात, पण सगळ्या नाही. छपाई वाचूनच बिल द्या.

आणि बजेटमध्ये एका क्लिक क्लीनरची (कॉर्डची टोकं पुसायच्या पेनसारख्या अवजाराची) जागा ठेवा. एमआयडीसीतल्या धुळीला ओएम३ काय नि ओएम५ काय, सगळ्या सारख्याच. कॉर्ड नवी कोरी असली तरी टोपी काढली की आधी क्लीनर, मग मॉड्यूल.