बोअरचा वॉटर लेव्हल लॉगर: सेन्सर भारी, सेटिंग बंडल

भूकंपाने बोअरचं पाणी कसं हलतं ते बघायचं म्हणून हा पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारा लॉगर घेतला, प्रेशर सेन्सर एक नंबर आहे, मिलिमीटरचा फरकपण पकडतो. पण रीडिंग येतं दर तासाला, आणि भूकंपाची लाट खडक दाबून-ताणून सेकंदांत पुढे जाते, पाणी तेवढ्यात वरखाली होऊन मोकळं, मग दिसणार काय डोंबल? आधी रीडिंगचं सेटिंग सेकंदावर आणा. 1964 च्या अलास्का भूकंपात पार फ्लोरिडातल्या विहिरी हलल्या होत्या राव! खडकातल्या भेगा मोकळ्या झाल्या किंवा गाळाने बुजल्या तर पातळी महिनोन्महिने बदललेली राहते, ते मात्र तासाच्या रीडिंगलाही कळतं. गढूळपणा हा मोजत नाही. सेकंदावर ठेवला की बॅटरी धडाधड उतरते, चार स्टार.