संगणक शिकण्यासाठी केंद्र बरे की घर?

वयाची पन्नाशी जवळ आल्यावर संगणक शिकायचा झाल्यास वर्गाला जावे की घरीच शिकावे, हा प्रश्न आमच्याकडे थोरल्या वहिनींमुळे उभा राहिला. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदी त्यांची निवड झाली आणि देखभाल शुल्काचा हिशेब असो वा सभेची नोटीस, प्रत्येक वेळी शेजारच्या मुलांना हाक मारणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी उपनगरातील एका केंद्रात एमएस-सीआयटी या प्राथमिक संगणक अभ्यासक्रमाला नाव घातले आणि त्याच काळात घरच्या लॅपटॉपवर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमाचे ध्वनिचित्रफितींवरचे मराठी पाठही सुरू केले. त्यामुळे दोन्ही मार्ग एकाच शिकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

केंद्राविषयी पहिली गोष्ट ही, की ‘वर्ग’ म्हटल्यावर फळा आणि गुरुजी डोळ्यांसमोर येतात, तसे तेथे फारसे काही नसते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडचा) हा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम बहुतांशी पडद्यावरूनच शिकवला जातो. शिकणारा आपापल्या संगणकासमोर बसतो, धडा पाहतो, ऐकतो आणि त्याबरहुकूम सराव करतो. म्हणजे खोली केंद्राची असली तरी अभ्यास स्वतःचाच असतो, आणि शुल्क मोजून आपण खरोखर जे विकत घेतो ते त्या खोलीत फिरणाऱ्या प्रशिक्षकाचे लक्ष असते. केंद्राची पारख करायची ती यावरूनच. वातानुकूलन, भिंतीवरची प्रशस्तिपत्रे आणि नवे मॉनिटर यांना मी फारसे गुण देणार नाही.

वहिनींच्या केंद्रातील प्रशिक्षक स्वभावाने चांगला होता, पण त्याला घाई फार. वहिनींचे बोट डबल क्लिक करताना थबके, दोन टिचक्यांमध्ये अंतर पडे आणि फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलण्याची चौकट समोर येई. अशा वेळी तो ‘काकू, द्या इकडे’ म्हणून माऊस स्वतःच्या हातात घेई आणि क्षणार्धात काम उरकून पुढच्या संगणकाकडे जाई. काम होई, पण शिकणे राहून जाई. उलट, त्याच्या सुट्टीच्या दिवशी आलेल्या एका तरुण मुलीने हात पाठीमागे बांधून, केवळ तोंडी सांगत त्यांच्याकडूनच तेच काम करून घेतले, आणि ते त्या पुन्हा विसरल्या नाहीत. प्रौढांना शिकवताना हात पाठीमागे ठेवणारा प्रशिक्षक मिळाला, तर शुल्क वसूल झाले असे समजावे.

केंद्राची दुसरी जमेची बाजू म्हणजे वेळेचे बंधन. घरी कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि नातवंडांचा लॅपटॉपवरचा हक्क यांतून तास सलग मिळत नाही. केंद्रातला तास मात्र आपलाच असतो.

घरच्या शिक्षणाचे बळ वेगळे आहे. ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात, विनामूल्य असतात आणि लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या संचातील रायटर (लेखन), कॅल्क (हिशेबाचे तक्ते), इम्प्रेस (सादरीकरण) यांसारख्या तितक्याच विनामूल्य प्रणालींवर बेतलेले असतात. अर्ध्या पडद्यावर पाठ लावावा, उरलेल्या अर्ध्यावर प्रणाली उघडावी आणि पाठ थांबवत थांबवत तीच कृती स्वतः करावी, अशी त्यांची रीत आहे. हाताचा वेग कमी असलेल्यांना ही रीत मानवते, कारण पाठ कितीही वेळा मागे नेला तरी कोणी सुस्कारा सोडत नाही. मात्र उणीव अशी, की ध्वनिचित्रफीत कितीही चांगली असली तरी ती आपला पडदा पाहू शकत नाही. आपण भलतीच कळ दाबली, तर पाठ निमूटपणे पुढे जातो आणि आपण मागे राहतो.

तरीही खरी अडचण घरीच भेटते आणि घरीच सुटते, असे माझे निरीक्षण आहे. केंद्रातील सराव काल्पनिक गुणपत्रिकांवर आणि पगारपत्रकांवर चालला. संस्थेची सभासद यादी करायला घेतल्यावर एक्सेलमध्ये सदनिका क्रमांक ३/४ टंकला, की त्याची ‘३ एप्रिल’ होऊन बसे. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे, हा उपाय वहिनींना स्वतःच्या कामात अडल्यामुळे शोधावा लागला, आणि म्हणूनच तो लक्षात राहिला. मराठी टंकलेखनाचेही तसेच. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. ही विभागणी एकदा ध्यानात आली, की पुढे सगळा सवयीचा भाग उरतो, आणि ती सवय रोज थोडा वेळ घरी बसल्यानेच लागते. घरी येऊन शिकवणारा शिक्षक हा मधला मार्ग उत्तम, पण शुल्क तासावर मोजावे लागते आणि माणूस माहितीतला हवा.

प्रमाणपत्राची गरज असल्यास हिशेब बदलतो. राज्य शासनाच्या नोकरीतील संगणक अर्हतेसाठी एमएस-सीआयटी करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यासाठी अधिकृत केंद्र गाठावेच लागते. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सीसीसी या ८० तासांच्या प्राथमिक संगणक अभ्यासक्रमाला मात्र संस्थेत प्रवेश न घेता, घरी तयारी करून थेट परीक्षेला बसता येते, आणि त्यातही लिब्रेऑफिसच असल्याने वर सांगितलेले पाठ तेथे उपयोगी पडतात. वहिनींना प्रमाणपत्र टांगायचे नव्हते. त्यांच्यासारख्यांना मी माऊस आणि फोल्डर यांची भीती जाईपर्यंत केंद्र आणि त्यानंतर घर असेच सुचवीन. ज्यांना माऊस आधीच सरावाचा आहे, त्यांनी केंद्राचे पैसे वाचवून घरी बरा कळफलक घ्यावा.

केंद्र निवडताना पैसे भरण्याआधी, आपण ज्या वेळी जाणार त्याच वेळेच्या तुकडीत तासभर बसू देण्याची विनंती करावी आणि प्रशिक्षकाचे हात कोठे आहेत ते पाहावे. बसू देत नसतील, तर दुसरे केंद्र पाहावे.