हेरिंगबोन की शेवरॉन: नक्षीदार लाकडी फरशी निवडताना

दिवाणखान्यात नक्षीदार लाकडी फरशी घालायचे ठरले की निवड बहुधा हेरिंगबोन आणि शेवरॉन या दोन मांडण्यांवर येऊन थांबते. छायाचित्रात त्या सारख्याच वाटतात. हेरिंगबोनमध्ये चौकोनी टोकांच्या पट्ट्या एकमेकींना काटकोनात भिडतात आणि एकीचे टोक दुसरीच्या कडेला टेकल्यामुळे तुटक, नागमोडी रेघ उमटते. शेवरॉनच्या पट्ट्यांची टोके तिरकी कापलेली असल्याने ती समोरासमोर जुळतात आणि त्या सांध्यांची एकच सरळ रेघ खोलीभर धावते.

ही सरळ रेघच शेवरॉनचे सौंदर्य आहे आणि अडचणही. आपल्या सदनिकांच्या भिंती क्वचितच अचूक गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात, आणि शेवरॉन तो वाकडेपणा लगेच उघड करतो. हेरिंगबोनमध्ये तो बराचसा लपून जातो. हे काम पूर्वी केलेला कारागीर हाताशी नसेल, तर मी हेरिंगबोनच सुचवेन. दोन्हींत भिंतींलगत तिरके तुकडे कापावे लागत असल्यामुळे क्षेत्रफळाहून १० ते १५ टक्के माल जास्त घ्यावा. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली संगमरवराऐवजी बसवलेली चौकटींची लाकडी नक्षीही आज मिळते, पण तिचे मोठे चौरस लहान खोलीत खुलत नाहीत. संगमरवर धुताना झिरपणाऱ्या पाण्याने खालच्या लाकडी तुळया कुजत होत्या, म्हणून तिथे तो बदल झाला.

नक्षीपेक्षा अधिक विचार पट्टीच्या घडणीचा करावा. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. हेरिंगबोनमध्ये पट्ट्या दोन दिशांना असल्यामुळे हा ताणही दोन्ही दिशांना जातो. भरीव सागाची १८ ते २० मिलिमीटरची पट्टी अनेकदा घासून नवी करता येते, शिवाय सागाच्या गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. मात्र लाकूड नीट वाळवलेले नसेल, तर विदर्भात मे महिन्यात तिच्यात फटी पडतात आणि जुलैमध्ये त्याच पट्ट्या एकमेकींना रेटू लागतात. कोकणात आणि मुंबईत हवा वर्षभर दमट असल्याने चढउतार त्या मानाने कमी असतो, तरी पावसाळ्याचा ओलावा दीर्घकाळ टिकतो. इंजिनिअर्ड पट्टीत प्लायवूडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ती कमी हलते, आणि म्हणून बहुतेक घरांसाठी मला तीच योग्य वाटते. वरचा खऱ्या लाकडाचा थर किमान ३ ते ४ मिलिमीटर असावा, म्हणजे पुढे एकदोनदा घासता येईल. आतले प्लायवूड वाळवीरोधक प्रक्रिया केलेले आहे का, हेही विचारून घ्यावे. लॅमिनेट स्वस्त असते, परंतु त्यावरची नक्षी छापील असल्याने तीच ती रेषा पुन्हा पुन्हा दिसते, ते घासता येत नाही आणि सांध्यात पाणी शिरल्यास त्याच्या कडा फुगतात.

खालचे काँक्रीट पूर्ण वाळल्याची खात्री करून घ्यावी आणि काम पावसाळ्यानंतर काढावे. भिंतीपाशी ८ ते १० मिलिमीटरची फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. जुन्या टाइल्सवरच फरशी घालायची असेल, तर दारांच्या खालच्या कडा किती तासाव्या लागतील, हे माल मागवण्यापूर्वीच सुताराकडून मोजून घ्यावे.