जुने प्लग परत दिले, पण ते माझ्या गाडीचे नव्हतेच

नागपुरातल्या एका गॅरेजने माझ्याकडून चार नव्या इरिडियम स्पार्क प्लगचे (इंजिनात ठिणगी पाडणारे, इरिडियम या टिकाऊ धातूच्या टोकाचे) पैसे घेतले आणि गाडीत माझेच जुने प्लग वाळूने घासून परत बसवले. मी बिल मागितलं होतं. नव्या प्लगची खोकी डोळ्यांनी पाहिली होती. काढलेले जुने प्लगही मागून घरी आणले होते. गॅरेजमध्ये जाताना जी काळजी घ्यायला सगळे सांगतात ती घेऊनही हे झालं, म्हणून नेमकं कसं झालं ते सविस्तर लिहितो आहे. गॅरेजचं नाव इथे देत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. शिवाय ही पद्धत त्या एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही, त्यामुळे नावापेक्षा पद्धत माहीत असणं जास्त कामाचं.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. रोजचा रस्ता प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स आणि परत. मे महिन्याच्या सुरुवातीला ती सकाळी सुरू केल्यावर थरथरायला लागली. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना मिसिंग मारायची, पिकअप बसायचा. आईला घेऊन समृद्धीने पुण्याकडे जायचं ठरलं होतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्या महामार्गावर म्हातारं माणूस गाडीत आणि गाडी बाजूला उभी, हे चित्र डोक्यात असलं की माणूस दुरुस्तीला नाही म्हणत नाही. गॅरेजवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. फोरमनने पहिला प्रश्न तोच विचारला, "लांब कुठं जाऊन राहिले का साहेब?"

त्याने एक प्लग काढून दाखवला. टोकावर काळी, कोरडी काजळी होती. मी विचारलं, साफ करून चालेल का? तो म्हणाला, "साफ करून देतो ना, दीडशे रुपयांत होते. पण गॅरंटी नाही देत. आता हे नवीन पेट्रोल आलं इथेनॉलचं, याच्यात साधे प्लग टिकूनच नाही राहिले. इरिडियम टाका, लाख किलोमीटर पाहायचं काम नाही." इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं हे खरं आहे. पण प्लगची अवस्था प्लग पाहून सांगायची असते, पेट्रोलचं नाव घेऊन नाही.

चार सीलबंद खोकी काउंटरवर आली. एक माझ्यासमोर फोडलं, आत इरिडियमचाच प्लग होता, मधला काटा सुईसारखा बारीक. मग मला सांगितलं, "बाहेर ऊन आहे, आत एसीत बसा, अर्ध्या तासात गाडी देतो." बसायच्या खोलीतून गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. बाहेर आलो तेव्हा बॉनेट बंद होतं, इंजिन सुरू होतं आणि खरंच आधीपेक्षा गुळगुळीत चालत होतं. प्लगचे प्रत्येकी ९५० प्रमाणे ३,८००, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) सफाईचे ८००, मजुरी ६००, एकूण ५,२००. पावती साध्या वहीतली, जीएसटी क्रमांक नसलेली. जुने प्लग मागितल्यावर पोराने एका प्लास्टिकच्या पिशवीत चार काळे प्लग आणून दिले.

थोडे दिवस गाडी बरी चालली. मग तीच थरथर पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने दाखवता येतं. लुकलुकत असेल तर मात्र सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जात असतं आणि ते सायलेन्सरच्या मार्गातल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची वाट लावतं. कन्व्हर्टरचा खर्च प्लगच्या कितीतरी पट. म्हणून गाडी ताणली नाही, ग्रेट नाग रोडकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे हळूहळू नेली. आमच्या घरातल्या गाड्या वडिलांपासून त्यांच्याकडे जातात. मधली काही वर्षं त्यांचं काम बंद होतं, आता मुलासोबत पुन्हा सुरू केलं आहे.

मुलाने आधी गाडीतला दोष कोडने दाखवणारा स्कॅनर लावला. कोड आला पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. मिस्त्रीकाकांनी प्लगला हातही न लावता तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढून पहिल्यावर बसवली, पहिलीची तिसऱ्यावर. कोड पुसून गाडी फिरवली. परत कोड आला तो पी-०३०१. दोष कॉइलसोबत पहिल्या सिलिंडरवर गेला होता, म्हणजे कॉइलच कमजोर. या तपासणीला एक पैशाचं सामान लागत नाही. आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर काउंटरवरच पडलेला होता, तो कोणी उचलला नव्हता.

मग काका म्हणाले, "नवीन प्लग टाकले म्हणता, तर बघू तरी." पहिला प्लग बाहेर आला आणि ते गप्प झाले. मधला इलेक्ट्रोड (ठिणगी उडते ते टोक) जाड होता, इरिडियमचा बारीक काटा नव्हताच. कडा झिजून गोल झालेल्या. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाची चकाकी गेलेली, तो खरखरीत झालेला. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या खोबणीत वाळूचे कण अडकलेले. चारही तसेच. त्यांच्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला मूळ साध्या प्लगचाच होता.

मी म्हटलं, पण जुने तर माझ्याकडे आहेत, डिकीतच आहेत. पिशवी काढून दिली. काकांनी त्यातला एक प्लग उचलून सोळा नंबरचा पाना लावायचा प्रयत्न केला. तो बसेना. "दादा, याले एकवीसचा पाना लागते. हा तुमच्या गाडीत जाऊच शकत नाही. जुन्या गाड्यांचा प्लग आहे हा." पिशवीतल्या चारांपैकी दोन एका कंपनीचे होते, दोन दुसऱ्या. आटेही माझ्या गाडीच्या प्लगपेक्षा आखूड. कुठल्यातरी भंगाराच्या डब्यातून उचलून दिलेले. जुने प्लग मागणारी माणसं येतात हे त्या गॅरेजला माहीत होतं आणि त्याची त्यांनी तयारी करून ठेवली होती. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

आता मूळ प्रश्न, प्लग साफ करायचे की बदलायचे. यातलं थोडं समजलेलं असलं तर काउंटरवरच निम्मी फसवणूक अडते, म्हणून काकांनी समजावलेलं आणि नंतर मी वाचून पडताळलेलं लिहितो.

काजळी म्हणजे प्लग मेला असं नाही. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. गाडी रोज दोन-चार किलोमीटर, सिग्नलवर थांबत, इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होत असेल तर ते तापमान नीट गाठलं जात नाही आणि कोरडी काळी काजळी बसते. इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतील आणि चिनी माती तडकलेली नसेल, तर असा प्लग क्लीनर स्प्रे आणि मऊ ब्रशने साफ करून, गॅप (ठिणगी उडते ते दोन टोकांमधलं अंतर) तपासून परत बसवता येतो. हलकी काजळी हायवेवर तासभर चालवल्यावरही जाते. मात्र काजळी पुन्हापुन्हा येत असेल तर एअर फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर पाहायला हवेत. निरोगी प्लगचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असतो. ओला आणि तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. तिथे प्लग बदलून उपयोग नाही, ऑइल कुठून येतं ते शोधावं लागतं. पांढरा फटक पडून टोकाला फोड आले असतील तर प्लग जास्त तापतोय, चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा) असू शकतो.

सफाईने काजळी जाते, झीज भरून येत नाही. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते, गोल झालेल्या कडेवरून उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजेने गॅपही वाढते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवलेली असते, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. गॅप वाढली की तिला त्याहून जास्त रेटावं लागतं, ती तापते आणि शेवटी निकामी होते. कमजोर झालेल्या माझ्या कॉइलला त्या झिजलेल्या, घासलेल्या प्लगांनी आणखी ताण दिला असणार, असं काकांचं मत. साधे निकेलचे प्लग साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावेत. माझे त्या टप्प्याला आलेच होते, त्यामुळे "बदला" हा सल्ला चूक नव्हता. बदलले मात्र नाहीत.

कॉम्प्रेसरच्या हवेने वाळू मारून प्लग साफ करायचं यंत्र जुन्या गॅरेजांत अजून दिसतं. एकेकाळी सगळेच ते वापरत. जुनी माणसं कोणत्याही प्लगला "मायको" म्हणायची त्या काळातलं, म्हणजे आजची बॉश कंपनी इथे मायको नावाने ओळखली जायची तेव्हाचं. पण वाळूचे कण खोबणीत राहतात, तिथून सिलिंडरमध्ये पडले की पिस्टन आणि भिंतीवर ओरखडे पाडतात. चिनी मातीची चकाकी गेली की तिच्यावर काजळी लवकर धरते. तारेच्या ब्रशने घासलं तर धातूची बारीक रेघ मातीवर राहते आणि करंट त्या रेघेवरून निसटतो. इरिडियम प्लगला तर तारेचा ब्रश लावायचाच नाही, त्याचा काटा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तुटतो. इरिडियम प्लग साठ हजार ते लाख किलोमीटर चालू शकतात. पण ज्या गाडीला कंपनीने साधे प्लग दिलेत तिला ते लावलेच पाहिजेत असं काही नाही.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा काकांकडे काढलेला व्हिडिओ सोबत होता. फोरमन म्हणाला, "तुम्ही गाडी दुसरीकडे उघडली, आता आमची जबाबदारी नाही. त्यानंच बदलले असतील." हे उत्तर सगळ्यांना मिळणार आहे, म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे प्लग काढताना बॉनेट उघडण्यापासून न थांबता एकच व्हिडिओ घ्या आणि त्यात गाडीचा नंबर दिसू द्या. माझ्या व्हिडिओत तो होता. मग मी पिशवीतला प्लग त्यांच्याच काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, हा माझ्या गाडीत बसवून दाखवा. मालक आतून आला. आधी अर्धे पैसे देतो म्हणाला, मग प्लगचे पूर्ण ३,८०० रोख दिले आणि व्हिडिओ डिलीट करायला सांगितलं. मी केला नाही. मजुरी आणि थ्रॉटल सफाईचे पैसे त्याने दिले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच हजारांसाठी कोण जाईल, या हिशेबावरच तर हा धंदा चालतो.

काकांनी साधे निकेलचेच चार प्लग टाकले, १८० ला एक, आणि एक कॉइल बदलली. गाडी आता व्यवस्थित आहे, आई पुण्याला जाऊन आली.

तुम्ही प्लगच्या कामाला गाडी देणार असाल तर बॉनेटजवळच उभे राहा, ऊन असलं तरी. गाडी गॅरेजला नेण्याआधी पुस्तिकेतून प्लगचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि खोक्यावरचाच नाही, प्लगच्या अंगावर छापलेला नंबर त्याच्याशी जुळवा. जुने प्लग बाहेर आले की तिथल्या तिथे त्यांच्यावर मार्करने खूण करा. शेवटी पिशवीतून मिळतील ते तेच आहेत हे फक्त त्या खुणेने कळतं. नवे प्लग हाताने फिरवून आटे बसवायला सांगा आणि शेवटी टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरायला सांगा, कारण अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जास्त जोराने लगेच जातात.

आणि ज्यांनी अलीकडेच "नवे" प्लग टाकून घेतलेत पण काम डोळ्यांसमोर झालं नाही, त्यांनी एकदा दुसऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडून ते काढून पाहावेत. वीस मिनिटांचं काम आहे. फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय पाना लावू देऊ नका. सध्याच्या उन्हात त्याला दोन-तीन तास सहज लागतात, म्हणून गाडी सकाळी लवकर न्या.