गेम अडकतो तेव्हा: तुकडे पाडायचे की वेब वर्कर?

ब्राउझरमध्ये बुद्धिबळाचा गेम करत होतो. संगणकाची चाल आली की सरकता घोडा अर्ध्या वाटेत थांबायचा, बटणं दाबली जायची नाहीत आणि थोड्या वेळाने ‘पेज प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट यायची. कारण असं, की गेमचा कोड, माउसचे क्लिक आणि पानाची मांडणी हे सगळं एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत, चालतं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. चालींचा शोध दोन सेकंद चालला, की १२० फ्रेम बुडाल्या.

पहिला उपाय तुकडे पाडण्याचा: दर फ्रेमला पाच-सहा मिलिसेकंद शोध, उरलेला पुढच्या फ्रेमला. नकाशा भरणं, चित्रं तयार करणं अशा एकामागून एक उरकायच्या कामांना हे झकास जमतं. पण स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावणारं फंक्शन मध्येच थांबवून नेमकं तिथूनच उचलायचं, म्हणजे कोडची चिरफाड. माझ्या दोन रात्री त्यात गेल्या.

दुसरा उपाय वेब वर्कर, म्हणजे पानामागे चालणारी स्वतंत्र स्क्रिप्ट. तो वेगळ्या थ्रेडवर चालतो. शोध हवा तितका लांबू दे, घोडा सुरळीत सरकतो. मात्र वर्करला पानातल्या घटकांना हात लावता येत नाही, आणि पोस्टमेसेजने (पान आणि वर्कर यांच्यात निरोप धाडणाऱ्या फंक्शनने) पाठवलेल्या माहितीची एरवी प्रत होते. पटाची ६४ घरं म्हणजे काहीच नाही. मोठा डेटा असेल तर प्रत न करता ॲरेबफरची (कच्च्या माहितीच्या साठ्याची) मालकीच देऊन टाकावी. खेळाडूने डाव सोडला तर टर्मिनेट म्हणायचं, शोध तिथल्या तिथे बंद. बुद्धिबळासाठी मी डोळे मिटून वर्करच घेईन.