ताजं, फ्रोजन की डबाबंद?

मटार घेताना शेंगा घ्याव्यात की फ्रोजन पाकीट, हे एकाच प्रश्नावर ठरतं: शेंग तोडून किती वेळ झाला? तोडल्यापासूनच दाण्यातल्या साखरेचं स्टार्च होऊ लागतं आणि उष्ण हवेत तर गोडी भराभर उतरते. त्याच दिवशी तोडलेल्या शेंगा मिळत असतील तर त्याच घ्या. दोन-तीन दिवस फिरून आलेल्या शेंगांपेक्षा फ्रोजन मटार सरस, यात शंका नाही. ते काढणीनंतर काही तासांतच वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरून उणे 18 अंशांपर्यंत गोठवतात. त्या उष्णतेने दाण्यातली एन्झाइम्स निकामी होतात. तसं केलं नाही तर फ्रीझरमध्येही रंग आणि चव बिघडत राहते. डबाबंद मटार मात्र टाळा. डबा निर्जंतुक करायला 120 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, त्यात दाणा गिचका आणि खाकी होतो. मक्याचे दाणे ते सोसतात.

फ्रोजन पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. आत एकच ढेकूळ असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे. मटार वितळवत बसू नका, शिजवताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तसेच टाका.

माशांच्या बाबतीत ‘ताजं’ या पाटीवर फार विसंबू नये. बर्फावर मांडलेली कोळंबी बऱ्याचदा गोठवून आणलेली आणि दुकानात वितळवलेली असते. ती घरी नेऊन परत फ्रीझरमध्ये टाकणं सगळ्यात वाईट. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि शिजवताना सगळं पाणी सुटून मांस चिवट होतं. आजच शिजवायचं असेल तर ताजा मासा घ्या: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. पुढच्या आठवड्यासाठी हवा असेल तर कारखान्यात झपाट्याने गोठवलेलाच घ्या. कोळंबीवर बर्फाचा थर चढवलेला असतो, म्हणून भावाची तुलना बर्फ वगळून छापलेल्या निव्वळ वजनावर करा. पांढरे कोरडे डाग दिसले तर पाकीट घेऊ नका.

मासा रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, ओट्यावर नको. हवा काढून बंद केलेलं व्हॅक्यूम पाकीट असेल तर ते आधी फोडायचं. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू ऑक्सिजनशिवाय वाढतो आणि त्याचे काही प्रकार फ्रिजच्या थंडीतही तग धरतात.

राजम्याचं गणित वेगळं. 400 ग्रॅमच्या डब्यात पाणी निथळल्यावर साधारण 240 ग्रॅम दाणे उरतात. तेवढे 100 ग्रॅम कोरड्या राजम्यातून निघतात. पैसे आणि चव, दोन्हींत कोरडाच जिंकतो. डबा घाईच्या दिवसासाठी. त्यातले दाणे धुऊन घेतले की बरंच मीठ जातं. कोरडा राजमा मात्र निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात कमीत कमी 10 मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या दाण्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. टोमॅटो किंवा चिंच दाणे मऊ झाल्यावरच घाला, आंबटाने साल घट्ट राहते.

टोमॅटोचा हंगाम नसेल तर सॉससाठी डबा बिनधास्त घ्या, पण सोललेल्या अख्ख्या टोमॅटोंचा. चिरलेल्या फोडींत आकार टिकावा म्हणून बहुधा कॅल्शियम क्लोराईड असतं. त्या तासभर शिजवूनही विरघळत नाहीत. पालक शिजवायचा असेल तर फ्रोजन चालतो, पिळून घ्या. काकडी आणि कच्ची खायची पानं फक्त ताजी.

फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. उघडल्यावर उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.